अण्णासाहेबांची खरी चूक

अण्णासाहेबांचा मला राग यायचा, हे आधीच सांगून टाकते. वडीगोद्रीत कुणालाही विचारा, तो म्हणेल, असा माणूस शोधून सापडायचा नाही. मी म्हणायचे, एक नंबरचा खोटारडा. तोंडावर म्हणायचे आणि ते मान डोलवून हसायचे.

कारण असं की, घरात जिथे म्हणून काही करपलं, सांडलं, बिघडलं, उशिरा पोचलं, तिथे हा गृहस्थ पुढे. "चूक माझीय." बायको लग्न होऊन आली तेव्हा डी.एड. झालेली, भाकरी थापायची सवय नव्हती. पहिलीच भाकरी तव्यावर काळी झाली. सासू तोंड उघडणार, तेवढ्यात अण्णासाहेब दारातून म्हणाले, "माय, जाळ मीच वाढवला." ते चुलीजवळ गेलेच नव्हते. ट्रॅक्टर दुरुस्तीचा धंदा त्यांचा; अंगणात कुणाच्या तरी ट्रॅक्टरखाली आडवे होते आणि तिथून उठून आले होते. सासूला हे कळलं, सुनेला कळलं, पण त्या दिवशी घरात कुणी कुणाला बोललं नाही.

ती सून म्हणजे बेबीनंदाताई. पुढे आम्ही दोघी तीर्थपुरीकडच्या एकाच शाळेत शिकवायला लागलो, आणि राहायलाही एकाच गल्लीत. त्या माझ्याहून वयाने मोठ्या, म्हणून मी त्यांना ताई म्हणते. बाकी सगळं गाव मॅडम म्हणतं. अण्णासाहेबही मॅडमच म्हणायचे. आधी थट्टेने सुरू झालं असणार, मग तेच नाव पडलं.

शाळेत जायला ताईंना एकदा उशीर झाला, तर हे महाशय मुख्याध्यापकांसमोर उभे. म्हणे, माझा ट्रॅक्टर रस्त्यात बंद पडला, मॅडम मागं अडकल्या. त्यांची मुलगी पायल आठवीत गणितात नापास झाली, तेव्हा म्हणाले, मी संध्याकाळचा टीव्ही लावत होतो. घरात तेव्हा टीव्ही बंद पडून महिना झाला होता. मी एकदा वैतागून म्हटलं, "अण्णासाहेब, उद्या पाऊस नाही पडला तर तेही तुमच्याच नावावर का?" तर म्हणाले, "लिहा की. मला काय जड आहे का?"

ताईंना याचं काय वाटायचं, हे मी पुष्कळ वर्षं बघितलं. त्या वरवर चिडायच्या. पण आपल्या मागे एक माणूस कायम उशी घेऊन उभा आहे, पडलो तरी लागणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या जोरावर त्या काहीही करायच्या. आमच्या भागात बाई चारचाकी चालवते हे आधी कुणी बघितलं नव्हतं, तेव्हा त्यांनी जुनी गाडी घेतली आणि मला शेजारी बसवून रोज शाळेत नेली. हॉर्नवरचा हात काही निघायचा नाही. मेंढरं बाजूला, बैलगाडी बाजूला, सरपंचाची मोटरसायकलसुद्धा बाजूला. त्या गाडीत बसलेल्या ताई मला वर्गातल्या ताईंपेक्षा जास्त आवडायच्या.

निवृत्त झाल्यावर दोन उन्हाळे गेले आणि ताईंना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. बोलणं हळूहळू परत आलं, थोडं जड, एखादा शब्द ओठाच्या कोपऱ्यातून निसटणारा. डावा हात आणि डावा पाय मात्र नावापुरते उरले. अण्णासाहेबांनी अर्थातच तोही गुन्हा कबूल केला. आदल्या दिवशी जेवताना लोणचं मीच वाढलं, मीठ जास्त झालं, म्हणून बीपी वाढलं. डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "आता पुरे करा. या असल्या बोलण्याने ताईंचा पाय बरा होणार आहे का?" ते म्हणाले, "पाय न्हाई होत. पण तिला बरं वाटतं."

ताई ओसरीवर खुर्चीत बसू लागल्या. काठी घेऊन न्हाणीपर्यंत, काठी घेऊन फाटकापर्यंत. मी गेले की म्हणायच्या, "कल्याणी, दुखण्याचं काही नाही गं. पण मला कुणीतरी नेतं आणि कुणीतरी आणतं, हे मला सहन होत नाही." जुनी गाडी विकून टाकली होती. क्लच दाबायला डावा पाय लागतो, आणि तोच नव्हता.

मार्ग पायलने काढला. ती पुण्याला नोकरी करते. तिने एक जुनीच पण चांगली ठेवलेली ऑटोमॅटिक गाडी शोधली. त्या गाडीला क्लचच नाही. उजव्या पायाने वेग द्यायचा, उजव्याच पायाने ब्रेक, गिअर गाडी आपली आपण बदलते. आरटीओचे सगळे सोपस्कार पायलने रजा काढून निस्तरले. मोंढ्याच्या मोकळ्या मैदानात ताईंनी ती गाडी पहिल्यांदा चालवली तेव्हा मी होते. स्टिअरिंगवर एकटा उजवा हात, तोंड घट्ट मिटलेलं. एक फेरी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला त्यांनी आमच्याकडे बघून हॉर्न वाजवला आणि अण्णासाहेब उपरण्यात तोंड घालून रडायला लागले. त्या रविवारी ताई पांढरी साडी नेसून, स्वतः गाडी चालवत विहारात वंदनेला गेल्या. कुणी आणलं नाही, कुणी नेलं नाही.

त्यानंतरची दीड-दोन वर्षं त्या घरात फार चांगली गेली. ताईंचा उजवा पाय हीच आता त्यांची सगळी इस्टेट होती. "एक पाय आहे, पण पुरतो," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या.

मग यंदाच्या थंडीत आमच्या शाळेच्या जुन्या मुलांनी मेळावा ठरवला. मुलं कसली, केस पिकलेले बाप्ये ते. त्यांनी व्हॉट्सअॅपवर ग्रुप केला, जुन्या शिक्षकांना बोलावलं. त्यातला एक जण म्हणाला, "मॅडम, तुम्हाला घ्यायला गाडी पाठवतो." ताई फोनवर म्हणाल्या, "गाडी कशाला? मी चालवत येते." ताईंनी फोन ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं की, मेळाव्याला मी गेले नसते तर त्यांनी मला ओढून नेलं असतं.

गाडी तेवढ्यात जरा कुरकुर करायला लागली होती. गिअर बदलताना झटका द्यायची. पायलने फोनवर सांगितलं, गिअरबॉक्सचं तेल बदलायला झालं असणार, जालन्याला नेऊन दाखवा. अण्णासाहेबांना ते काही पटलं नाही.

"अर्ध्या तालुक्याचे ट्रॅक्टर उघडून बसवले मी. मॅडमच्या गाडीला दुसऱ्याचा हात कशाला?"

"पप्पा, ही ऑटोमॅटिक आहे."

"असू दे. तेल ते तेलच ना."

यात गर्व नव्हता. मला वाटतं, त्या गाडीने ताईंसाठी जे केलं होतं ते त्यांना आपल्या हाताने फेडायचं होतं. जालन्याहून बरोबर तेच तेल आणलं, तेच फिल्टर, तेच पॅकिंग. यात कुठे हयगय केली नाही, हे मी शपथेवर सांगेन.

सकाळचं ऊन अंगणात आलं होतं. गाडी लिंबाखाली सपाट जागी उभी. जॅक लावून, खाली लाकडी ठोकळे सरकवून अण्णासाहेब आडवे झाले. ताई खुर्चीत, मी पायरीवर शेंगा सोलत.

"अण्णासाहेब, वयाचा विचार करा," मी म्हटलं.

"बिलकुल केला. म्हणूनच झोपून काम करून राह्यलो."

गिअरबॉक्सच्या तळाला तेलाचं चेंबर असतं, त्याचे बोल्ट त्यांनी एकेक करून ढिले केले. एका कडेने काळपट तेल घमेल्यात पडू लागलं, उकळून उकळून ठेवलेल्या चहासारखं. नवीन तेल लाल असतं, आणि हे काय झालंय बघा, असं ते खालून ओरडून सांगत होते. चेंबर काढलं, त्यातल्या चुंबकाला लागलेला लोखंडाचा बारीक भुगा फडक्याने पुसला, जुनं फिल्टर काढून नवं बसवलं, पॅकिंग लावलं, बोल्ट समोरासमोरचे धरून आवळले. हात असे चालत होते की बघत राहावं. ताई बघतच होत्या. मला म्हणाल्या, "हे काम करताना चांगले दिसतात ना गं?" या वयात नवऱ्याबद्दल असं बोलणारी बाई मी दुसरी बघितली नाही.

मग लांब नरसाळं लावून लाल, पातळ तेल आत सोडलं. मध्ये मध्ये थांबून तेल बघायची दांडी काढायची, पुसायची, परत घालायची, परत काढून बघायची. तेल दांडीवरच्या वरच्या खुणेला टेकलं तसं त्यांनी झाकण लावलं. "बराबर. एक थेंब कमी न्हाई, एक थेंब जास्ती न्हाई."

आता इथे त्यांच्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. तरुणपणी त्यांच्यासोबत काम करणाऱ्या एका पोराने चालू इंजिनात दांडी ओढायला हात घातला आणि बाही फिरत्या पट्ट्यात अडकली. त्याची बोटं गेली. तेव्हापासून अण्णासाहेबांच्या दुकानात एक नियम होता: तेल बघायचं ते इंजिन बंद करून, थंड झाल्यावर. चालू इंजिनात दांडी ओढणाऱ्याला ते दुकानात उभं करत नसत. ट्रॅक्टरला हा नियम चोख लागू पडतो. आयुष्यभर लागू पडला. त्या दिवशीही त्यांनी तो पाळला, आणि गाडी चालू केल्यावर पुन्हा दांडी काही काढली नाही.

गावात दोन-चार फेऱ्या मारल्या. गाडी मऊ चालत होती, झटका गेला होता. ताई खूश.

मेळाव्याच्या दिवशी ताई गाडी चालवायला, शेजारी अण्णासाहेब, मागे मी. ताईंनी ठेवणीतली निळी साडी नेसली होती. रस्त्यात त्या जुन्या मुलांची नावं आठवून आठवून सांगत होत्या. कोण वर्गात झोपायचा, कोण डब्यातलं चोरून खायचा. बोलणं नेहमीपेक्षा स्पष्ट येत होतं. कापसाची वेचणी संपत आलेली, दोन्ही बाजूंना वाळक्या पऱ्हाट्या, आणि मधून आमची गाडी चाललेली. मीही हसत होते.

तीर्थपुरी जवळ आली आणि कालव्याच्या पुलावर चढताना गाडी मंदावली. ताईंनी पाय दाबला. इंजिन मोठ्याने ओरडलं, पण गाडी पुढे गेली नाही. आणखी दाबला. आणखी ओरडलं. गाडी चढावर थबकली आणि मागे घसरू लागली. मागून उसाच्या ट्रॅक्टरने हॉर्न लावला, त्याच्या मागून दुसऱ्याने. ताईंनी ब्रेक मारला, परत वेग द्यायला पाय टेकवला, काहीच नाही. त्या आपल्या उजव्या पायाकडे बघायला लागल्या.

"पाय दाबला जात नाही," त्या म्हणाल्या. "अहो, पाय दाबला जात नाही माझा."

इंजिनचा एवढा आवाज होत होता, तो पाय दाबल्याशिवाय होत नाही. हे मला पण कळत होतं. पण त्यांना तो आवाज ऐकूच येत नव्हता. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. ज्या सकाळी डावी बाजू गेली, त्या सकाळी असंच झालं होतं म्हणे. पाय उचलायचा ठरवलं आणि तो उचलला गेला नाही.

अण्णासाहेबांनी काय करावं? गाडीला काय झालंय याचा त्यांना पत्ता नव्हता. पण तोंड आपोआप उघडलं. "मॅडम, चूक माझीय. हँडब्रेक अर्धा वर राह्यला. मीच ओढल्ता."

ताईंनी खाली बघितलं. हँडब्रेक पूर्ण खाली होता. त्यांनी तो बघितला, मग नवऱ्याकडे बघितलं. चाळीस वर्षांत त्यांनी असं शेकडो वेळा ऐकलं असेल. ते ऐकून त्यांना बरं वाटायचं. त्या दिवशी मात्र त्यावरूनच त्यांनी ओळखलं की, दोष आपलाच आहे. अण्णासाहेब चूक अंगावर घेतायत म्हणजे चूक ताईंची, हा तर त्या घरातला इतक्या वर्षांचा हिशेब होता.

लोकांनी गाडी ढकलून बाजूला लावली. मेळावा हाकेच्या अंतरावर होता. मंडपातलं स्पीकरवरचं गाणं ऐकू येत होतं. मी म्हटलं, रिक्षाने जाऊ. ताई म्हणाल्या, घरी जायचं. रिक्षात चढवताना मी त्यांच्या उजव्या बाजूला होते, आणि मला जाणवलं की, त्या उजवा पायही ओढतायत. सकाळी याच पायावर भार देऊन त्या तोऱ्यात गाडीत बसल्या होत्या.

गाडी ट्रॅक्टरला बांधून वडीगोद्रीला आणली. जालन्याहून बद्रीनाथ नावाचा मेकॅनिक आला. पुण्यात असल्या गाड्यांवर काम केलेला, मितभाषी माणूस. ताई आत पडून होत्या. अंगणात आम्ही तिघं. त्याने इंजिन चालू केलं, तापू दिलं, गिअरचा दांडा एकेक करत सगळीकडे फिरवून आणला, आणि इंजिन चालू असतानाच दांडी ओढली.

"अहो, हात!" अण्णासाहेब ओरडलेच.

दांडी जवळजवळ कोरडी होती. टोकाला एक थेंब. बद्रीनाथने तो बोटावर घेऊन हुंगला. मलाही दुरून करपट वास आला.

"काका, तेल कसं बघितलं होतं?"

"दांडी वरपर्यंत भरलेली होती. बराबर होती."

"इंजिन बंद होतं का?"

"मंग? चालू इंजिनात दांडी कोण ओढतं?"

बद्रीनाथने हळू आवाजात सांगितलं की, या गाड्यांचं उलटं असतं. इंजिन बंद असलं की तेल खाली चेंबरमध्ये साचतं, दांडीवर भरपूर दिसतं. चालू केलं की पंप ते वर ओढून घेतो, आणि मग खरं किती आहे ते कळतं. म्हणून चालू ठेवूनच बघायचं. तेल कमी पडलं, लांबच्या रस्त्याला तापलं, आतल्या प्लेटा घसरल्या आणि जळाल्या. आता हा गिअरबॉक्स गेला. एवढ्या जुन्या गाडीला दुसरा मिळणं अवघड आहे.

अण्णासाहेब खाली बसले. मला वाटलं, त्यांना चक्कर आली. पण ते लगेच उठले आणि जवळजवळ पळत आत गेले. चेहऱ्यावर काय होतं सांगू? आनंद होता. गाडी गेली होती, आयुष्यभराचा धंदा एका गाडीपुरता खोटा ठरला होता, आणि हा माणूस आनंदाने पळत होता, कारण बायकोच्या पायाला काही झालेलं नव्हतं.

"मॅडम, तुमचा पाय चांगलाय! चूक माझीय. तेल कमी पडलं. मी बंद इंजिनात बघितलं, चालू इंजिनात बघायचं असतं. गाडी त्याच्यानं थांबली. पाय तुमचा बिलकुल चांगलाय."

ताई पडल्या पडल्या ऐकत होत्या. त्यांनी उजवा हात नवऱ्याच्या हातावर ठेवला आणि थोपटला. "तेव्हा हँडब्रेक म्हणालात," त्या म्हणाल्या. "आता तेल म्हणताय."

"ते खोटं होतं, मॅडम. हे खरं आहे."

"बरं," ताई म्हणाल्या. ज्या आवाजात त्या पहिलीच्या मुलांना बरं म्हणायच्या, त्याच आवाजात.

दुसऱ्या दिवशी अण्णासाहेबांनी त्यांना खुर्चीसकट अंगणात आणून बसवलं. गाडी बंद असताना दांडी काढून दाखवली, तेल खुणेपर्यंत. मग गाडी चालू केली. आणि ज्या माणसाने आयुष्यभर एकाही पोराला तसं करू दिलं नाही, त्याने फिरत्या पट्ट्याशेजारी हात घालून दांडी ओढली. "बघा. कोरडी. दिसली का कोरडी?"

ताईंनी दांडीकडे बघितलंच नाही. त्यांची नजर नवऱ्याच्या बाहीवर होती. "हात काढा हो तिथून," त्या कळवळून म्हणाल्या. "माझ्यासाठी आता बोटं घालवणार आहात का? कळलं मला. तुम्ही का करताय ते कळलं. हात काढा."

डॉक्टरांनी तपासलं. उजव्या पायात काही दोष नाही, ताकद आहे, चालवा त्यांना. ताई दवाखान्याबाहेर येऊन मला म्हणाल्या, "हे आधीच येऊन डॉक्टरांना भेटलेले दिसतायत." पायलने पुण्याहून फोनवर सगळं समजावलं, तेव्हा म्हणाल्या, "पप्पांचं ऐकून तूही खोटं बोलायला लागलीस का?" पायल त्या दिवशी फोनवरच रडली.

शेवटी अण्णासाहेब माझ्याकडे आले. दारात उभे राहिले, आत येईनात. "कल्याणीबाई, तुम्ही सांगा तिला. तुम्ही कधी खोटं बोलत न्हाई, मला तोंडावर खोटारडा म्हणता. तुमचं ऐकंल ती. ती पाय टेकवणं सोडून राह्यली. असंच राह्यलं तर खरंच जाईल तो पाय."

मी तडक गेले. मऊ बोलायचं मला जमत नाही, तशीच बोलले. म्हटलं, "ताई, यांनी तुमची गाडी घालवली. स्वतःच्या हाताने घालवली. मी तिथे शेंगा सोलत होते, माझ्यासमोर घालवली. तुमच्या पायाचा काही संबंध नाही. उठा आणि चाला."

ताई माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, पटलं. मग त्यांचे डोळे भरले. "तुला सुद्धा पाठवलं त्यांनी," त्या म्हणाल्या. "तू कधी कुणासाठी खोटं बोलली नाहीस, कल्याणी. माझ्यासाठी बोललीस. इतकी का वाईट अवस्था झाली माझी?"

मी चिडले, रडले, परत चिडले. ओसरीवर येऊन अण्णासाहेबांवर ओरडले की, हे तुम्ही केलंय. तेलाने नाही, तुमच्या त्या चांगुलपणाने केलंय. एकदा तरी, एकदा तरी म्हणायचं होतं, मॅडम, भाकरी तुम्ही करपवली. ते ऐकून घेत होते. "हो," ते म्हणाले, "ते पण माझंच." आणि मला रडू आवरेना, कारण या वेळी ते खरं होतं.

आता ताई पलंगावरच असतात. उजवा पाय बारीक होत चाललाय, वापरला नाही की होतोच. काल संध्याकाळी मी गेले, तेव्हा अण्णासाहेब पलंगाच्या पायथ्याशी बसले होते. तो उजवा पाय मांडीवर घेऊन खोबरेल तेल चोळत होते, टाचेपासून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यापासून टाचेपर्यंत.

"जोर लावून ढकला बरं मला," ते म्हणाले. "छातीला पाय लावून ढकला."

ताईंनी डोळे मिटले. पाय हलला नाही.

"चूक माझीय, मॅडम."

"हो," ताई म्हणाल्या, आणि अण्णासाहेबांच्या पिकल्या केसांवरून हात फिरवला. "तुमचीच आहे. आता नका रडू."